आर्डिसच्या हाताला झेपेल असं

३ नोव्हेंबर, सोमवार

आर्डिसची पर्स आज पिठाच्या डब्यात सापडली. तीन दिवस शोधत होतो. पैसे, लायसन्स, सगळं जागच्या जागी, वरून पिठाचा थर. ती म्हणाली, "मी सांगत नव्हते? घरात कोणीतरी येतं." मी म्हणालो, चोर पर्स घेऊन जाईल, पिठात कशाला पुरेल? तर म्हणते, "मला वेडं ठरवायला."

गेल्या महिन्यात मागचं दार सताड उघडं होतं. माझा तपकिरी कोट खुंटीवरून नाहीसा झाला आणि कोठारात सापडला. मी कामाच्या कॅम्पावर असताना एकदा कॉफीचं भांडं चुलीवर जळून काळं ठिक्कर पडलं. ते आपण ठेवलंच नव्हतं असं ती शपथेवर सांगते. सप्टेंबरात पाच मैलांवरच्या हेगनच्या शेडमधून अवजारं आणि तांब्याची तार गेली, ती मात्र खरीच गेली. तेव्हा कोणी फिरत नाही असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

मी दोन आठवडे तेलविहिरींच्या कॅम्पावर बॉयलर सांभाळतो आणि दोन आठवडे घरी असतो. एप्रिलमध्ये मला पासष्ट पूर्ण झाली की सरकारी आरोग्यविमा सुरू होईल, मग कॅम्प आणि त्याचा विमा सोडेन. तोवर महिन्यातले चौदा दिवस ती इथे एकटी. शेरीफची गाडी यायला पाऊण तास लागतो, बर्फ असला तर त्याहून जास्त.

तिच्या हातात काहीतरी द्यायला हवं. तिला पिस्तुलाची सवय नाही. बावीस वर्षं शाळेची बस चालवली, पण माझ्या बंदुकांना कधी बोटही लावलं नाही. शिकवीन.

५ नोव्हेंबर, बुधवार

कोठारामागे कॉफीचे डबे मांडले. माझ्या ट्रकमधलं अडतीस कॅलिबरचं, पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर दिलं. ते हलकं आहे, तळहातात मावतं. मला वाटलं, बाईमाणसाला लहानच बरं.

पहिल्या गोळीला ती किंचाळली. दुसरीला पिस्तूल हातातून सुटून बर्फात पडलं. अंगठ्याच्या बेचक्यात लालभडक वळ उठला. दोन वर्षांपूर्वी पोस्टाच्या पायऱ्यांवर घसरून मोडलं होतं तेच मनगट ती पोटाशी धरून उभी राहिली.

"हे तू मुद्दाम केलंस," म्हणाली.

"मी कशाला मुद्दाम करीन, आर्डिस?"

"मग असलं गाढवासारखं लाथ मारणारं का दिलंस?"

मनगटाला बर्फ लावून दिला. रात्री जेवताना तिने विचारलं, "हाताला काय झालंय रे माझ्या?" मला वाटलं, टोमणा मारतेय. हसलो. ती हसली नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

रेनेचा फोन आला होता. आमची एकुलती एक मुलगी, बिलिंग्जला असते, चार तासांवर. पिस्तुलाचं सांगितलं ते तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, आईने काल मला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तेच सांगितलं."

मी म्हटलं, एकटं माणूस फोन करणारच.

"एकटी नव्हती. तुम्ही घरीच होता."

८ नोव्हेंबर, शनिवार

ट्रिश हॉवर्थकडे गेलो होतो. ती शेरीफकडे नोकरीला होती, आता काउंटीच्या चांदमारीवर शिकवते. शाळेत असताना आर्डिसच्या बसमध्ये बसायची, अजूनही तिला 'मिसेस सोलबर्ग' म्हणते.

माझं रिव्हॉल्व्हर हातात घेऊन ट्रिश म्हणाली, "एल्डन, नवऱ्यांची हीच खोड. बायकोसाठी पिस्तूल म्हटलं की दुकानातलं सगळ्यात लहान उचलायचं. लहान म्हणजे हलकं, आणि हलकं म्हणजे सगळा झटका हाताला. गोळी तीच, पण पिस्तूल जड असलं की अर्धा झटका ते स्वतःच खातं."

मग तिने नऊ मिलिमीटरचं पूर्ण मापाचं, लोखंडी अंगाचं पिस्तूल दिलं. आर्डिसने पाच गोळ्या मारल्या आणि नवलाने माझ्याकडे बघितलं. "हे ढकलतं फक्त. ते चावत होतं." पण पिस्तुलाचा वरचा भाग मागे ओढल्याशिवाय पहिली गोळी नळीत जात नाही, आणि तो ओढायचं बळ तिच्या बोटांत नाही. दोनदा प्रयत्न केला, मग डोळ्यांत पाणी आलं.

ट्रिश म्हणाली, "तीनशे ऐंशी कॅलिबरचं बघू. पण खिशातलं नको. ते ऐकायला लहान, पण जड नऊपेक्षा जास्त झोंबतं. मऊ स्प्रिंगचं येतं एक, ते मागवते."

येताना आर्डिस खुशीत होती. गाडीत म्हणाली, "किती गोड मुलगी आहे. कोणाची रे?"

ट्रिशने आता केस बारीक कापलेत. ओळखली नसेल.

१२ नोव्हेंबर, बुधवार

तीनशे ऐंशी आलं. मऊ आहे, वरचा भाग तिला ओढता येतो. झटक्याची तक्रार नाही. सातातल्या चार गोळ्या कागदावर.

अडचण वेगळीच आली. मॅगझीन घालायचं, वरचा भाग ओढायचा, सेफ्टीचा खटका खाली करायचा. तिची प्रत्येक वेळी एखादी पायरी राहते. एकदा मॅगझीन बाहेर काढलं आणि "रिकामं झालं" म्हणत नळी माझ्याकडे फिरवली. नळीत गोळी होती. ट्रिशने तिचं मनगट इतक्या झटकन पकडलं की मला आधी कळलंच नाही काय झालं ते.

ही पिस्तुलं म्हणजे यंत्रं आहेत. इतक्या पायऱ्या कोणाच्याही लक्षात राहणार नाहीत. माझ्या कॅम्पावरची तरणी पोरंसुद्धा बॉयलर पेटवताना झडप उघडायला विसरतात.

उद्या कॅम्प.

१९ नोव्हेंबर, बुधवार, कॅम्प

शून्याखाली चार. दोन नंबरचा पंप कुरकुरतोय.

आर्डिसशी रोज सात वाजता बोलतो. आज म्हणाली, "एल्डन, तुझ्या खुर्चीत कोणीतरी बसलं होतं. उशी चेपलेली आहे." खुर्ची एकवीस वर्षांची आहे. उशी चेपलेलीच असते. हे मी तिला सांगितलं नाही. का नाही सांगितलं, ते कळत नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

काल थँक्सगिव्हिंगच्या दिवशीच घरी पोचलो. दारात मिठी मारली. सणाचा टर्की ओव्हनमध्ये होता, पण ओव्हन लावलेलाच नव्हता. दोघं हसलो, अंडी तळून खाल्ली. चर्चमधली सगळी गाणी तिला तोंडपाठ आहेत, शेवटच्या कडव्यापर्यंत. काल संध्याकाळी भांडी पुसताना एकामागून एक म्हणत होती. ज्या बाईला इतकं आठवतं तिच्याबद्दल लोक काहीबाही बोलतात.

२ डिसेंबर, मंगळवार

आज ट्रिशकडे वाईट झालं.

आर्डिस आत शेकोटीशी बसली होती. ट्रिश मला बाहेर माझ्या ट्रकपाशी घेऊन गेली. म्हणाली, "एल्डन, आज त्यांनी मला तीन वेळा विचारलं, तुझी आई कशी आहे. माझ्या आईच्या दफनाला ऑर्गन त्यांनीच वाजवला होता."

"नावं, माणसं होतात इकडची तिकडे. वय झालं."

"डॉक्टरकडे न्या त्यांना."

"नेलं होतं. मनगट नीट जुळलंय म्हणाला."

"मी मनगटाबद्दल बोलत नाहीये, आणि तुम्हाला ते कळतंय."

मी ट्रकचं दार उघडलं. ती म्हणाली, "त्यांच्या हाताला झेपेल असं पिस्तूल मला मिळेल. अवघड नाही ते. पण मी ते शोधणार नाही. आणि तुम्हीही शोधू नका. आज तो झटका, ती स्प्रिंग, त्या पायऱ्या, हेच काय ते अपघाताच्या आड उभं आहे."

मला राग आला. जे बोललो ते इथे लिहीत नाही. बावीस वर्षं त्या बाईने घाटातून, बर्फातून, पोरं भरलेली बस चालवली. एकाही पोराला खरचटलं नाही. त्या पोरांतलीच ही एक, आणि आता मला शिकवते.

घरी येताना आर्डिस म्हणाली, "ती मुलगी तुझ्याशी भांडत होती. तिचा तुझ्यावर डोळा आहे का?"

हसू आलं. खूप दिवसांनी.

४ डिसेंबर, गुरुवार

ड्वाइट लिंडक्विस्टकडे कॉफीला गेलो होतो. पलीकडच्या वळणावर राहतो, तीस वर्षांचा शेजार, बर्फ पडला की आमचाही रस्ता तोच साफ करतो. त्याला सगळं सांगितलं. म्हणजे, मनगट आणि पायऱ्या. ट्रिशचं नाही सांगितलं.

तो आतून एक चिरूट ठेवायची पेटी घेऊन आला. त्याच्या आईचं रिव्हॉल्व्हर. बत्तीसचं, सहा गोळ्या, सगळं पोलादी, चार इंचांची नळी, चांगलं जड. "म्हातारी ब्याण्णव वर्षांची होईपर्यंत ह्याने खारी मारायची. हाताला कळतसुद्धा नाही. घेऊन जा."

गोळीत जोर कमी आहे, हे मलाही ठाऊक आहे. पण जी गोळी लागते ती जोराची. अडतीसची पाच हवेत घालवण्यापेक्षा बत्तीसची दोन लागलेली बरी. आणि पायऱ्याच नाहीत. उचलायचं, रोखायचं, चाप ओढायचा.

१० डिसेंबर, बुधवार

गेले सहा दिवस रोज सराव केला. झटका नाहीच म्हणायचा. पोलाद सगळं पिऊन टाकतं. आर्डिस डोळे मिटत नाही, दचकत नाही. पाय खांद्याइतके फाकून, डावा किंचित पुढे, दोन्ही अंगठे एकावर एक. आज पंधरा पावलांवरून बशीएवढ्या जागेत सहापैकी पाच.

एक गंमत आहे. रोज सकाळी तिला वाटतं आपण पहिल्यांदाच शिकतोय. "मला कुठे येतंय हे," म्हणते. पण पिस्तूल हातात दिलं की हाताला सगळं येतं. कालच्यापेक्षा चांगलं येतं. डोकं विसरतं आणि हात शिकतो, हे मी कधी पाहिलं नव्हतं. पाहताना पाठीतून काहीतरी सरकत गेलं. थंडीही होती.

स्वयंपाकघरात, फोनखालच्या खणात ठेवलंय. भरलेलं. रिकामं पिस्तूल म्हणजे नुसता हातोडा.

उद्या कॅम्प.

२६ डिसेंबर, शुक्रवार

नाताळच्या संध्याकाळी मी पोचलो, आज सकाळी रेने आली. सोबत आमची नात, आठ वर्षांची आयव्ही. आर्डिसने लेफ्से, म्हणजे बटाट्याच्या पोळ्या, केल्या होत्या. मीठ विसरली, पण कागदासारख्या पातळ. आयव्हीने साखर घालून पाच खाल्ल्या.

मग रेने पावाच्या डब्यात पाव ठेवायला गेली आणि जागच्या जागी थिजली. पिस्तूल डब्यात होतं.

"आई, हे इथे कसं?"

"कुठे? अगंबाई. त्यानेच ठेवलं असणार."

"कोणी?"

"तो येतो ना, त्याने."

रेनेने आयव्हीला कोट घालून गाडीत बसवलं आणि परत येऊन दार लावून घेतलं. "बाबा, मी हे घेऊन जातेय."

"आणि तुझी आई इथे एकटी काय करेल? लाटणं घेऊन उभी राहील?"

"कोणी येत नाही, बाबा! घरात कोणी येत नाही. ती स्वतःच ठेवते आणि विसरते. तुम्ही बघताय आणि तरी बघत नाही."

"हेगनची तार कोणी नेली मग?"

तिने कपाळाला हात लावला. खूप हळू म्हणाली, "आईने आज मला दोनदा मिल्ड्रेड म्हटलं." मिल्ड्रेड आर्डिसची बहीण, वारून अकरा वर्षं झाली. "तुम्ही तिथेच बसला होता, बाबा. मान खाली घालून जेवत राहिलात."

हे खरं आहे. मी ऐकलं होतं.

तरीही पिस्तूल दिलं नाही. का? दिलं असतं तर रेने म्हणते ते मला मान्य आहे असा अर्थ झाला असता. मग कॅम्प सोडायला हवा, मग विमा नाही, आणि विमा नाही तर ज्या डॉक्टरकडे न्यायचं त्याचं काय? या गोष्टी एकमेकींत अडकल्यात. एक ओढली की सगळ्या येतात. एप्रिलपर्यंत कोणीच काही ओढू नये एवढंच मागणं आहे.

रेने मोटेलमध्ये राहिली. आयव्हीला आमच्याकडे ठेवलं नाही.

७ जानेवारी, बुधवार

आज दुपारी ती झोपलेली असताना पिस्तूल काढलं, चक्र उघडलं आणि सहाही काडतुसं तळहातावर घेतली. शेंगदाण्यांएवढी. बराच वेळ उभा होतो. ती उठल्याचा आवाज आला तशी परत भरली आणि खण लावला.

तिने विचारलं, "काय करतोयस?"

"वाणसामानाची यादी."

"दूध संपलंय," ती म्हणाली. खरंच संपलं होतं. हे तिला बरोबर आठवलं, तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी लगेच दूध आणायला गेलो.

१४ जानेवारी, बुधवार, कॅम्प

शून्याखाली एकोणीस. दाब टिकत नाही, सगळे पाइप गोठायच्या बेतात.

सातला फोन केला. आवाज अगदी खणखणीत, बसमधल्या पोरांना दटावायची तसा. "एल्डन, आज आला होता तो. पिवळं यंत्र घेऊन अंगणात. मी खिडकीत उभी राहिले, तू शिकवलंस तशी. त्याने मला पाहिलं आणि निघून गेला."

आधी छाती फुगली. इथे खोटं लिहायचं नाही, आधी छातीच फुगली. मग पिवळं यंत्र हे शब्द डोक्यात शिरले आणि खाटेवर बसलो.

ड्वाइटला फोन लावला. म्हणाला, "हो, मीच. अर्धा बर्फ ढकलला आणि वर बघतो तर आर्डिस खिडकीत, हात लांब करून. मी हात हलवला. तिने नाही हलवला." मग म्हणाला, "एल्डन, त्या पिस्तुलाचं... मी दिलं ते चूक झालं का रे?"

मी सांगितलं, ऊन काचेवर असेल, तिला दिसलं नसेल. पुढच्या वेळी फाटकापासून हॉर्न वाजवत ये.

तीस वर्षं त्याला ती ओळखते. त्याच्या लग्नात ऑर्गन वाजवला.

पोस्टमन रोज येतो. गॅसवाला महिन्याने. आयव्ही पळत येते, हाक न मारता. ही यादी मी कागदाच्या कडेला केली आणि खोडली. मग परत केली.

ठरवलं. बावीस तारखेला, गुरुवारी घरी गेलो की गोळ्या काढून घेणार. एक आठवडा आहे फक्त.

१८ जानेवारी, रविवार, कॅम्प

वादळाचा इशारा आहे. अर्धा कॅम्प उद्या पहाटे रिकामा करणार. साहेबाला म्हणालो, मला पहिल्या गाडीत जाऊ द्या. तीन दिवस आधी घरी. बरंच झालं.

तिला कळवायला फोन केला. वाजत राहिला. झोपली असेल.

२४ जानेवारी, शनिवार, बिलिंग्ज, इस्पितळ

डाव्या हाताने लिहितोय. उजवा खांदा बांधलेला आहे. ही वही रेनेने ट्रकमधून आणून दिली. उघडून वाचली नाही म्हणाली. वाचली असावी.

सोमवारी सकाळी साडेदहाला घरी पोचलो. लख्ख ऊन होतं. ड्वाइटला हॉर्न वाजवायला सांगणारा मी, माझ्या मनातही आलं नाही. स्वतःच्या घरी कोण हॉर्न वाजवतं? मागच्या दाराने आत आलो, बूट काढले, टोपी काढून खुंटीला लावली. हाक मारली, "आर्डिस, लवकर सुटलो."

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पिस्तूल हातात होतं.

"कोण तुम्ही?"

"मी. एल्डन."

"एल्डन कॅम्पावर आहे. गुरुवारी येतो." ती शांत होती. थरथर नाही, काही नाही. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "आणि तो इतका म्हातारा नाही."

मी हात वर केले. पाय खांद्याइतके, डावा पुढे, अंगठे एकावर एक. सगळं माझ्या डोळ्यांपुढे होतं आणि मला एकच दिसत होतं की यात चूक कुठेच नाही. मी लग्नाची तारीख सांगितली. रेनेचं नाव घेतलं. एक पाऊल पुढे टाकलं. ते टाकायला नको होतं.

दोन गोळ्या. एक चौकटीत गेली, दुसरी उजव्या खांद्याच्या हाडाखाली. आवाज मोठा झाला, पण पिस्तूल तिच्या हातात हललंसुद्धा नाही.

मी जमिनीवर बसलो. तिने पिस्तूल टेबलावर ठेवलं, फोन उचलला आणि शेरीफच्या माणसाला जे सांगितलं ते तिच्याशिवाय कोणाला जमलं नसतं. घर कुठे, वळण कितवं, ओढ्यावरच्या पुलावर उजवीकडे बर्फ साचतो, अँब्युलन्स डावीकडून घ्या, आधी लिंडक्विस्टला रस्ता साफ करायला सांगा. मग भांडी पुसायचा टॉवेल घडी करून माझ्या खांद्यावर दाबून धरला. पाऊण तास. हात नाही सोडला. "हलू नका," म्हणत होती. "आले की ते लोक. हलू नका."

डॉक्टर म्हणतो, गोळी हाडाशी थांबली, मोठी असती तर फुप्फुस गेलं असतं. शेरीफचा माणूस म्हणाला, बत्तीस होती म्हणून वाचलात. सगळे मला नशीबवान म्हणतायत.

एक गोष्ट लिहून ठेवतो. शेरीफच्या माणसाला मी सांगितलं की माझ्या अंगावर कॅम्पाचं जाकीट होतं, तोंड मफलरने झाकलेलं होतं, टोपी कानापर्यंत होती, ती ओळखणार कशी. रेनेलाही तेच सांगितलं. ड्वाइटलाही.

टोपी खुंटीवर होती. मफलर नव्हताच. चार हातांवरून, लख्ख उजेडात, तिने माझा सगळा चेहरा पाहिला.

२६ जानेवारी, सोमवार, इस्पितळ

ट्रिश आली होती. सफरचंदं घेऊन. खिडकीशी बसून एक सफरचंद कापलं. मी वाट बघत होतो, बोलेल म्हणून. नाही बोलली.

मीच सांगितलं. टोपीचं. तिला पहिल्यांदा सांगितलं. ती म्हणाली, "शेरीफला सांगावं लागेल, एल्डन. म्हणजे त्या गुन्हेगार नाहीत, आजारी आहेत, हे कागदावर येईल."

संध्याकाळी सांगितलं. मग कॅम्पावर फोन केला आणि काम सोडलं. विम्याचं रेने बघतेय. शुक्रवारी आर्डिससाठी मेंदूच्या डॉक्टरची वेळ घेतली आहे. ऑक्टोबरातही मिळाली असती, रेनेने तेव्हा नावसुद्धा शोधून ठेवलं होतं.

पिस्तूल शेरीफकडे आहे. माझ्या बाकीच्या बंदुका ड्वाइटने उचलून नेल्या. मी सांगायच्या आधीच.

२७ जानेवारी, मंगळवार, इस्पितळ

रेने आज आर्डिसला घेऊन आली. निळा स्वेटर, केस विंचरलेले. मी घाबरलो होतो. लिहायला लाज वाटते, पण ती दारातून आत आली तेव्हा मी तिच्या हातांकडे बघितलं.

"एल्डन!" म्हणाली, आणि पिशवी टाकून धावत आली. गालावर हात ठेवला. "हे काय झालं? कॅम्पावर लागलं का? मी म्हणत होते, सोड ती नोकरी."

"सोडली," मी म्हणालो.

"बरं केलंस." खुर्ची ओढून माझा डावा हात हातात घेऊन बसली. रेने कॉफी आणायला गेली. ती गेल्याचं पाहून आर्डिस माझ्याकडे झुकली आणि कुजबुजली, "तुला एक सांगायचंय. रेनेला नको सांगू. तो आला होता, घरात. मी त्याला मारलं."

मी तिची बोटं धरून ठेवली.

"मला वाटलं होतं कोणी तरणा, दांडगा असेल. म्हातारा निघाला, एल्डन. हात वर करून उभा होता. काहीतरी बोलत होता, नावं घेत होता कोणाकोणाची. त्याला थंडी वाजली असेल, नुसता आत आला असेल ऊब घ्यायला. आणि मी..." तिचे डोळे भरले. "झोप लागत नाही मला. जगला का रे तो? तू विचारशील कोणाला?"

"विचारलं मी," मी म्हणालो. "जगला."

"खरंच?"

"खरंच. खांद्याला लागलं. बरा होईल."

तिने डोळे पुसले, मोठा श्वास घेतला. बराच वेळ माझ्या बोटांवरून अंगठा फिरवत राहिली. मग म्हणाली, "त्याला कोणी आहे का? बायको वगैरे?"

"आहे."

"बिचारी. तिला सांगितलं का कोणी?"

दारात रेने दोन्ही हातांत कॉफी घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती ठाऊक नाही.

"नाही," मी म्हणालो. "अजून नाही सांगितलं."